जगाचा भूगोल आणि इतिहास: मित्रमंडळींच्या क्विझसाठी प्रश्न कसे काढावेत?

रेखावृत्त

आठ ते सोळा जणांचा गट दीड तास गुंगून जाईल अशी जगाच्या भूगोल-इतिहासाची क्विझ कशी बांधायची, यासाठी हा धागा. आधी ढाचा मांडतो. प्रश्नांची शब्दरचना, नकाशे आणि गुणपद्धती यांवर ज्यांचा हात बसला आहे, त्यांनी भर घालावी.

सहा फेऱ्या, प्रत्येकी आठ प्रश्न, म्हणजे ४८ प्रश्न. दोनदा वाचणं आणि उत्तर लिहिणं मिळून प्रश्नाला एक मिनिट धरा. प्रत्येक फेरीनंतर कागद अदलाबदल करून तपासायला पाच मिनिटं, म्हणजे तीस. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. झाला साधारण दीड तास. त्यापुढे ताणलं की शेवटच्या फेरीचे कागद अर्धे कोरे येतात.

टीम तिघांची किंवा चौघांची. पाचवा माणूस आला की कुणीतरी एक गप्प बसून राहतो. चिठ्ठ्या टाकून टीम पाडा, नाहीतर इतिहासवाले सगळे एकीकडे जातात. उत्तरं कागदावरच घ्या. ओरडून उत्तर द्यायची पद्धत ठेवली तर सगळ्यात झटपट बोलणारा एकटाच खेळतो.

आठातले दोन प्रश्न सगळ्यांना यावेत, चार निम्म्या टीमना यावेत, दोन एखाद्याच टीमला. शेवटच्या टीमचे गुण ४० टक्क्यांखाली जाऊ लागले तर क्विझ अवघड झाली असं समजा, त्या टीमचं चुकलं असं नाही.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: उत्तर काढता आलं पाहिजे. ‘बुर्किना फासोची राजधानी कोणती?’ हा प्रश्न आला तर आला, नाही आला तर टीमला बोलायलाच काही नसतं. त्याऐवजी हा बघा: ‘ब्राझीलने १९६० साली, नायजेरियाने १९९१ साली आणि कझाकस्तानने १९९७ साली केलेली एकच गोष्ट कोणती?’ रिओ दि जानेरो, लागोस, अल्माटी ही नावं हळूहळू वर येतात, कुणीतरी ‘राजधानी हलवली’ म्हणतं आणि टेबलावर एकदम चैतन्य येतं. ज्यांना तिन्ही सनं माहीत नव्हती, त्यांनाही उत्तर सापडलेलं असतं.

सनावळी

ढाचा आवडला. मी शब्दरचनेवर लिहिते, कारण भांडणं तिथेच होतात.

एकच प्रश्न घेऊ. ‘आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश कोणता?’ एक टीम लिहिणार नायजेरिया, दुसरी अल्जीरिया, तिसरी सुदान. नायजेरिया लोकसंख्येने सर्वांत मोठा, म्हणून ‘क्षेत्रफळाने’ हा शब्द आला. सुदानही चूक म्हणवत नाही, कारण ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान वेगळा होईपर्यंत तोच सर्वांत मोठा होता आणि जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तेच छापलेलं आहे. म्हणून ‘आज’ हा शब्द आला. आता प्रश्न झाला: ‘क्षेत्रफळाने आज आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश कोणता?’ वाद मिटला, पण प्रश्न अजून कोरडाच आहे. शेवटचा हात असा फिरवा: ‘२०११ साली एका देशाचे दोन देश झाले आणि क्षेत्रफळाने आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या देशाचा मान दुसऱ्याकडे गेला. कोणाकडे?’ आता इतिहास आणि भूगोल दोन्ही आले, आणि उत्तर एकच राहिलं: अल्जीरिया.

प्रत्येक प्रश्न लिहिल्यावर स्वतःला विचारा: शहाणा माणूस दुसरं कोणतं उत्तर देऊ शकेल? ते सापडलं तर एक शब्द घालून त्याची वाट बंद करा. सापडूनही बंद करता येत नसेल तर प्रश्न टाकून द्या. ‘सर्वांत लांब नदी’ हा असाच टाकून द्यायचा प्रश्न. नाईल की ॲमेझॉन हे उगम कुठे धरायचा आणि मुख कुठे, यावर ठरतं. ‘सर्वांत उंच पर्वत’ मात्र एका शब्दाने सुटतो: समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर, समुद्रतळावरच्या पायथ्यापासून मौना केआ, पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचं शिखर इक्वेडोरमधलं चिंबोराझो. तिन्ही एकाच प्रश्नात विचारा, प्रत्येकी एक गुण.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपण सर्रास इंग्लंड म्हणतो आणि मनात ब्रिटन असतं, रशिया म्हणतो आणि सोव्हिएत संघ अभिप्रेत असतो, हॉलंड म्हणतो आणि नेदरलँड्स सांगायचं असतं. हॉलंड नावाचे तर त्या देशाच्या बारा प्रांतांपैकी फक्त दोन आहेत, उत्तर आणि दक्षिण. सुरुवातीलाच जाहीर करा की उत्तरात ही बोलीतली नावं चालतील. प्रश्नात मात्र नेमकंच नाव वापरा. परकी नावं लेखनभेदामुळे चुकीची धरू नयेत: ब्यूनस आयर्स, ब्वेनोस आइरेस, दोन्ही बरोबर. अपवाद एकच, जिथे चुकीच्या लेखनाने दुसरंच ठिकाण होतं. नायजर आणि नायजेरिया हे दोन शेजारी देश आहेत, तिथे सूट नाही.

टाचण

+१. सनावळी यांच्या यादीत ‘शतक’ हा शब्द घाला. अठरावं शतक म्हणजे १७०१ ते १८००. घाईत निम्मे लोक १८५७ लिहून मोकळे होतात. ज्ञान तपासायचं असेल तर प्रश्नातच ‘१७०१ ते १८०० या काळात’ असं म्हणा.

इसवी सनापूर्वीच्या वयाचे प्रश्नही जपून. शून्य साल नाही. ऑगस्टस इ.स.पू. ६३ मध्ये जन्मला, इ.स. १४ मध्ये वारला. नुसती बेरीज केली तर ७७ येतात. एक साल वजा करून ७६, आणि वाढदिवस सप्टेंबरातला, मृत्यू ऑगस्टमधला, म्हणून प्रत्यक्षात ७५. हे पाठ असल्याशिवाय असा प्रश्न घेऊ नका.

नकाशेवाला

नकाशाची फेरी सगळ्यांना आवडते आणि तयारी सगळ्यात कच्ची तिचीच असते.

ए-४ कागदावर जगाचा नकाशा छापला तर रुंदी साधारण २८ सेंटिमीटर मिळते. विषुववृत्ताचा परीघ ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे १,४३० किलोमीटर, एका मिलिमीटरला १४३. लक्झेंबर्ग उत्तर-दक्षिण जेमतेम ८२ किलोमीटर आहे, तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होणार. क्रमांक लिहायला तीन मिलिमीटर तरी लागतात. तेव्हा जगाच्या नकाशावर निदान पाचशे किलोमीटर पसरलेलेच देश विचारा. युरोप, मध्य अमेरिका, पश्चिम आफ्रिका हवे असतील तर त्या-त्या भागाचा वेगळा कागद द्या आणि प्रत्येक टीमला एक प्रत. भिंतीवर एकच नकाशा लावला तर मागे बसलेल्यांना तो दिसत नाही.

दुसरं, मर्केटर प्रक्षेपण (ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवणारी नकाशाची पद्धत) टाळा. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि आफ्रिका सुमारे ३०३ लाख, म्हणजे चौदा पट. खेळणाऱ्यांच्या डोक्यात मात्र शाळेतल्या भिंतीवरचा तोच नकाशा असतो, म्हणून आकाराची तुलना हा फार चांगला प्रश्न होतो: ‘आफ्रिकेत किती ग्रीनलंड बसतील? जवळचा आकडा जिंकेल.’

दिशांचे प्रश्न याहून सरस. त्यात पाठांतर चालत नाही, मनातला नकाशा उघडावा लागतो. रोम उत्तरेला की न्यूयॉर्क? रोम, सुमारे ४१.९ अंश विरुद्ध ४०.७. चिलीची राजधानी सँतियागो न्यूयॉर्कच्या पूर्वेला की पश्चिमेला? पूर्वेला, कारण दक्षिण अमेरिका उत्तर अमेरिकेच्या सरळ खाली नाही, बरीच पूर्वेकडे सरकलेली आहे. आणि पनामा कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला आहे. हे सांगितल्यावर लोक नकाशा मागतात, तेव्हा तो हाताशी ठेवा. दोन ठिकाणांत निदान एका अंशाचा फरक असू द्या (अक्षांशात एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर). ओटावा आणि व्हेनिस जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, अशी जोडी दिली तर तपासताना दशांशांवर वाद होतो.

बाह्याकृतीवरून देश ओळखायचा असेल तर उत्तर वर ठेवा आणि बेटं काढू नका. इटली किंवा चिली फुकटचे गुण. क्रोएशियाचा बाक आणि नदीकाठाने पट्टीसारखा गेलेला गांबिया, एवढ्या पातळीचे बरे.

दीपगृह

‘शिडी’ फेरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एकाच उत्तराच्या पाच सूचना, १०, ८, ६, ४, २ गुण. प्रत्येक सूचनेनंतर वीस सेकंद. टीमने एकदाच उत्तर द्यायचं, चिठ्ठी दिली की बदल नाही. नमुना:

१० – या देशाला समुद्रकिनारा नाही, तरी नौदल आहे.
८ – टिटिकाका सरोवर याच्या सीमेवर आहे.
६ – १५४५ साली इथल्या एका डोंगरात चांदी सापडली.
४ – जगातलं सर्वांत मोठं मिठाचं मैदान इथे आहे.
२ – देशाचं नाव सायमन बोलिव्हरवरून.

प्रश्नोपनिषद

दीपगृह, देश फार छान निवडलात, बोलिव्हियात भूगोल-इतिहास दोन्ही भरपूर आहेत. पण शिडी दुसऱ्याच पायरीवर संपते. दक्षिण अमेरिकेत समुद्रकिनारा नसलेले देश दोनच, बोलिव्हिया आणि पॅराग्वे. टिटिकाका बोलिव्हिया आणि पेरूच्या सीमेवर. पहिली सूचना ऐकून दुसरी आली की विचार करणाऱ्या कुठल्याही टीमकडे एकच नाव उरतं, उरलेल्या तीन सूचना वाया. शिवाय पहिली सूचना एकटी घेतली तर पॅराग्वेलाही लागू पडते, त्याचंही नौदल आहे. पॅराग्वे लिहून दहा गुण मागणाऱ्याला काय सांगणार?

फिरवून अशी करा:

१० – १५४५ साली इथल्या एका डोंगरात चांदी सापडली आणि त्याच्या पायथ्याशी, सुमारे ४,००० मीटर उंचीवर, मोठं शहर उभं राहिलं.
८ – घटनेप्रमाणे राजधानी एक, सरकार मात्र दुसऱ्याच शहरातून चालतं.
६ – १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात समुद्रकिनारा गमावला, नौदल आजही आहे.
४ – जगातलं सर्वांत मोठं मिठाचं मैदान, १०,००० चौरस किलोमीटरहून जास्त.
२ – नाव सायमन बोलिव्हरवरून.

पहिल्या पायरीवर स्पॅनिश साम्राज्य एवढं कळतं. पेरू की मेक्सिको अशी चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पोतोसी हे चांदीचं शहर माहीत असलेल्याला दहा गुण मिळतात, ते त्याचे हक्काचे. दुसऱ्या पायरीवर सुक्रे आणि ला पाझ आठवणारे थांबतात. नौदलाची गंमत बऱ्याच जणांनी वाचलेली असते, म्हणून तिची जागा मधली.

शिडी तपासायची माझी रीत: सगळ्यात जवळचा प्रतिस्पर्धी देश घ्यायचा (इथे पॅराग्वे आणि पेरू) आणि कोणत्या पायरीवर तो बाद होतो ते पाहायचं. दोघेही चौथ्या पायरीच्या आत बाद व्हावेत, पण पहिल्याच पायरीवर नकोत.

दीपगृह

पॅराग्वेचं ध्यानात आलं नव्हतं. तुमची शिडी घेतली.

सनावळी

इतिहासाच्या ‘क्रम लावा’ फेरीबद्दल. पाच घटना द्यायच्या, जुनी ते नवी क्रम लावायचा. दोन गोष्टी बिघडतात.

पहिली, घटना फार जवळच्या घेतल्या जातात. ॲमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला डिसेंबर १९११ मध्ये, चीनच्या शेवटच्या सम्राटाने पद सोडलं फेब्रुवारी १९१२ मध्ये, टायटॅनिक बुडाली एप्रिल १९१२ मध्ये. या तीन घटना एकत्र दिल्या तर क्रम विचाराने लागत नाही, फक्त तारखा पाठ असलेला जिंकतो. दोन घटनांत निदान तीस-चाळीस वर्षं ठेवा आणि वेगवेगळ्या खंडांतल्या घ्या. उदाहरणार्थ: ऑक्सफर्डमध्ये अध्यापन सुरू असल्याचा पुरावा (१०९६), मॅग्ना कार्टा (१२१५), मेक्सिकोतल्या अझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लानची स्थापना (१३२५), कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव (१४५३), मॅगेलनच्या मोहिमेचं एकमेव जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलं (१५२२). अझ्टेक म्हटलं की लोक त्यांना पिरॅमिडच्या काळात नेऊन बसवतात. ऑक्सफर्ड त्यांच्याहून दोनशे वर्षं जुनं निघालं की जगाचा इतिहास एका रेषेत दिसायला लागतो. या फेरीचं मोल तिथेच आहे.

दुसरी चूक गुणांची. ‘जागा बरोबर तर एक गुण’ असं ठेवलं आणि टीमने पहिली घटना शेवटी टाकली, तर बाकी चारांचा क्रम अचूक असूनही शून्य मिळतं. हा अन्याय आहे. जोड्या मोजा. पाच घटनांच्या दहा जोड्या होतात, प्रत्येक बरोबर जोडीला एक गुण. तपासायला सोपं: बरोबर क्रमाने घटनांना १ ते ५ क्रमांक द्या, टीमचा क्रम आकड्यांत लिहा, आणि प्रत्येक आकड्याच्या उजवीकडे त्याहून मोठे किती ते मोजा. २ ३ ४ ५ १ असं आलं तर ३, २, १, ०, ० मिळून सहा गुण.

टाचण

नुसता अंदाज ठोकणाऱ्यालाही सरासरी पाच मिळतात की. मी पाच वजा करून उरलेले दुप्पट करतो, उणे आले तर शून्य. सहा जोड्यांना दोन गुण, दहाला दहा.

सनावळी

चालेल. लहान गटात नुसत्या जोड्या पुरतात, चुरस असेल तर तुमची रीत जास्त न्याय्य.

आठवा_खंड

चार पर्यायांचे प्रश्न ठेवावेत का? इथे अजून कुणी बाजू घेतली नाही.

प्रश्नोपनिषद

फार थोडे ठेवा. चार पर्यायांत डोळे मिटून २५ टक्के मिळतात, खरं-खोटं मध्ये ५०. वजा गुण लावायचे असतील तर बरोबरला ३, चुकीला उणे १, कोऱ्याला ०. असं केलं की निव्वळ अंदाजाची सरासरी शून्यावर येते. खरं-खोटं घ्यायचंच असेल तर कारणाला वेगळा गुण द्या. ‘ऑक्टोबर क्रांती आजच्या कॅलेंडरने ऑक्टोबरात झाली: खरं की खोटं, आणि का?’ खोटं. रशियात तेव्हा ज्युलियन कॅलेंडर होतं, तिथला २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे ग्रेगरियन ७ नोव्हेंबर. कारण लिहिणाऱ्याला दोन, नुसत्या ‘खोटं’ला एक.

कॅलेंडरचा मुद्दा निघालाच आहे तर: तारखांचे प्रश्न काढताना १५८२ ते १९१८ हा पट्टा सांभाळा, तेव्हा काही देशांत ज्युलियन तर काही देशांत ग्रेगरियन कॅलेंडर होतं. ब्रिटनने ग्रेगरियन कॅलेंडर १७५२ साली घेतलं, त्यामुळे न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ ही बरोबर आणि ४ जानेवारी १६४३ ही पण बरोबर. आणि युरोपातलं दुसरं महायुद्ध संपल्याचा दिवस ८ मे की ९ मे? बर्लिनमध्ये रात्री उशिरा सह्या झाल्या तेव्हा मॉस्कोत तारीख उलटली होती. असे प्रश्न उत्तरासाठी विचारू नका, ‘दोन तारखा का?’ असं विचारा.

आठवा_खंड

पटलं. व्हिडिओ कॉलवर घेताना शोधून उत्तर देणाऱ्यांना कसं रोखायचं?

नकाशेवाला

पाळत ठेवून रोखता येत नाही, प्रश्नच तसा काढायचा. ‘फ्रान्सची जमिनीवरची सर्वांत लांब सीमा कोणत्या देशाशी?’ हे पाच सेकंदांत शोधता येतं (ब्राझीलशी, सुमारे ७३० किलोमीटर, कारण फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच भाग). पण ‘पहिला अंतराळवीर ज्या तळावरून उडाला, तो आज ज्या देशात आहे, त्या देशाला लागून असलेला सर्वांत मोठा जलाशय कोणता?’ यात गागारीन, बैकोनूर, कझाकस्तान, कॅस्पियन अशा चार पायऱ्या आहेत. शोधायला मिनिटभर लागतं, माहीतगार टीमला वीस सेकंद. म्हणून वेळ ३० सेकंद ठेवा आणि उत्तर तुम्हाला वैयक्तिक संदेशात मागवा.

यादीचे प्रश्नही कॉलवर चांगले चालतात. ‘विषुववृत्त ज्यांच्या जमिनीवरून जातं ते देश लिहा’: इक्वेडोर, कोलंबिया, ब्राझील, साओ टोमे आणि प्रिन्सिपे, गॅबॉन, दोन्ही काँगो, युगांडा, केनिया, सोमालिया, इंडोनेशिया. अकरा. दोन मिनिटं, बरोबरला एक, चुकीला उणे एक. नावाला भुलून विषुववृत्तीय गिनी सगळेच लिहितात. त्याची मुख्य भूमी विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि अन्नोबोन बेट दक्षिणेला आहे, रेषा मधल्या समुद्रातून जाते. मालदीव आणि किरिबाटीच्याही फक्त समुद्रातून जाते, म्हणून ‘जमिनीवरून’ हा शब्द दोनदा वाचा.

रेखावृत्त

खूप कामाचं जमलं. एक राहिलं: हरकती आणि टायब्रेकर (बरोबरी फोडणारा प्रश्न). हरकत पुढची फेरी सुरू होण्याआधीच घ्यायची, नंतर नाही. दोन्ही उत्तरं खरी निघाली तर दोन्हींना गुण. प्रश्नच मोडका निघाला तर तो रद्द करून राखीव प्रश्न घ्या. म्हणजे दर फेरीला एक राखीव हवा.

टायब्रेकर आकड्याचा असावा, पण न बदलणाऱ्या. लोकसंख्या नको.

टाचण

बैकल सरोवराची कमाल खोली, १,६४२ मीटर. विचारताना ‘मीटरमध्ये’ सांगा, नाहीतर एक टीम फुटांत लिहिते. दोघांचा अंदाज सारखाच लांब पडला तर दुसरा: झांझिबार आणि ब्रिटन यांचं २७ ऑगस्ट १८९६ चं युद्ध किती... नाही, हा नको. ३८ ते ४५ मिनिटं असे वेगवेगळे आकडे देतात. त्याऐवजी शंभर वर्षांचं युद्ध घ्या, १३३७ ते १४५३, ११६ वर्षं.

सनावळी

युद्धाच्या नावामुळे सगळे शंभरच्या आसपासच लिहितील आणि पुन्हा बरोबरी होईल. अलास्का घ्या: १८६७ साली अमेरिकेने रशियाला किती लाख डॉलर दिले? ७२ लाख. अंदाज दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत पसरतात, निकाल लागतो.